दाबाकडून वाऱ्याकडे : लांब पल्ल्याच्या एअर रायफल बेंचरेस्टची जडणघडण

बेंचरेस्ट हा नेमबाजीचा असा प्रकार आहे की त्यात रायफल भक्कम टेबलावर, पुढे धातूच्या टेकूवर आणि मागे वाळूच्या पिशवीवर विसावलेली असते, नेमबाज तिच्यामागे स्टुलावर बसतो, आणि त्याच्या श्वासाचा व स्नायूंच्या कंपाचा परिणाम शक्य तेवढा बाद केल्यामुळे निशाण्यावर जी चूक उरते ती शस्त्राची, छऱ्याची किंवा वाऱ्याचा अंदाज घेणाऱ्या बुद्धीची ठरते. या प्रकारात दाबलेल्या हवेवर चालणारी रायफल फार उशिरा आली, आणि १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरांवर, तिच्या गंभीर स्पर्धा भरू लागल्या त्या तर एकविसाव्या शतकात. हा प्रवास वाढत्या ताकदीचा म्हणून सांगण्याची रीत आहे. परंतु साधनांच्या निवडीचा क्रम पाहिला तर ताकद मिळवणे हा त्यातला सोपा भाग होता, आणि एका छऱ्यासारखाच दुसरा छर्रा सुटावा यासाठी झालेली खटपट हाच त्याचा खरा विषय होता, असे दिसते.

ताकदीचा प्रश्न अठराव्या शतकातच सुटला होता. टायरोल प्रांतातील कारागीर बार्थोलोमॉयस गिरार्दोनी याने घडवलेली आणि १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेली हवाई रायफल सुमारे ११.७५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या झाडत असे, नळीलगतच्या कोठीत वीसएक गोळ्या बसत, आणि दस्त्याच्या जागी जोडलेला लोखंडी हवाकोश भरण्यासाठी हातपंपाचे सुमारे दीड हजार झटके द्यावे लागत. १८०३ ते १८०६ या काळात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेत जी हवाई रायफल होती ती याच घडणीची होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. युद्धभूमीवर या शस्त्राने शत्रूला धडकी भरवली असेलही. पण त्यात एक मूळचा दोष होता. प्रत्येक गोळीबरोबर हवाकोशातील दाब घटत असल्यामुळे दहावी गोळी पहिलीपेक्षा मंद जाई आणि त्यामुळे खाली लागे. हा दोष नीट दूर व्हायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

दरम्यान टेबलावरून नेम घेण्याची परंपरा अमेरिकेत बारुदी रायफलींच्या आधारे स्वतंत्रपणे वाढत होती. १९०१ साली सी. डब्ल्यू. रोलंड यांनी हॅरी पोप या प्रख्यात नळीकाराच्या नळीतून २०० यार्डांवर झाडलेल्या दहा गोळ्या ०.७२५ इंचाच्या आत बसल्या होत्या. येथे मोजमाप सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतराचे असते, आणि अशा पुंजक्याला ‘ग्रुप’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला संघटनेचे रूप आले, नियम लिहिले गेले. मात्र त्या साऱ्या व्यवहारात हवाई रायफलीला स्थान नव्हते, आणि त्याला सबळ कारणही होते.

ते कारण स्प्रिंगचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्मिंगहॅम हे हवाई रायफलींचे मोठे केंद्र बनले, १९०५ पासून बीएसए कंपनीने लिंकन जेफरीज यांच्या रचनेवरील रायफली काढल्या, आणि इंग्लंडच्या मध्य भागातील दारूगुत्त्यांमधून घंटेच्या छोट्या भोकात छर्रा घालण्याच्या स्पर्धा रंगू लागल्या. या रायफलींत चाप ओढताच दाबलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, तेव्हा रायफल मागे सरते. पिस्टन आपल्यापुढच्या हवेच्या गादीवर आदळतो, तेव्हा ती उलट पुढे झेपावते. आणि हा दुहेरी धक्का छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच सुरू झालेला असतो. अशी रायफल टणक आधारावर ठेवली की ती आधारावरून उसळते आणि उसळण्याची दिशा दरवेळी सारखी नसते. म्हणजे बारुदी रायफलीला जो टेकू उपकारक तोच स्प्रिंगच्या रायफलीला बाधक ठरतो. जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने १९६० च्या दशकातील आपल्या १५० या प्रतिरूपात सारी यंत्रणा दस्त्याच्या आत रुळांवर सरकती ठेवून हा धक्का गिळून टाकला, आणि १० मीटरच्या खेळाला त्याचा मोठा लाभ झाला. पण ती युक्ती थोड्या ताकदीच्या आणि जवळच्या पल्ल्याच्या शस्त्रापुरतीच कामाची होती.

लांब पल्ल्याचा मार्ग इंग्लंडमध्ये थोडा आडवळणाने मोकळा झाला. तेथे १९६९ च्या नियमांनी १२ फूट-पाउंडांहून, म्हणजे सुमारे १६ ज्यूलहून, अधिक ऊर्जेच्या हवाई रायफलींना परवान्याच्या कक्षेत आणले होते. १९८० साली ससेक्समधील मॅगम डाउन येथे पहिली फील्ड टार्गेट स्पर्धा झाली, आणि ५५ यार्डांपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवरची धातूची निशाणे पाडण्याच्या या खेळाने, ताकद वाढवण्याची मुभा नसलेल्या नेमबाजांना अचूकतेच्या मागे लावले. गुंगीच्या सुया झाडणारी शस्त्रे करण्यासाठी १९७८ मध्ये स्थापन झालेल्या स्टॅफर्डशायरच्या डेस्टेट कंपनीने आपले तंत्र याच काळात छऱ्यांच्या रायफलीकडे वळवले, आणि आधी भरून ठेवलेल्या दाबयुक्त हवेच्या नळकांड्यावर चालणारी, ‘पीसीपी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी जात नव्याने रुजली. तत्त्व गिरार्दोनीचेच होते, फक्त हातपंपाची जागा पाणबुड्यांच्या सिलिंडरने घेतली होती. हिच्यात जड पिस्टन नव्हता, धक्का नगण्य होता, आणि त्यामुळे हवाई रायफल प्रथमच वाळूच्या पिशवीवर निमूट पडून राहू लागली.

तेव्हा घटत्या दाबाचा जुना दोष पुन्हा पुढे आला. त्यावर उपाय म्हणजे रेग्युलेटर : मुख्य नळकांड्यातील २०० ते ३०० बार दाबाची हवा एका छोट्या मधल्या कप्प्यात ठरावीक, कमी दाबाने सोडणारी झडप. तिचे महत्त्व एका साध्या हिशेबावरून कळते. २७५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघालेला छर्रा ९१ मीटर अंतर सुमारे ०.३८ सेकंदात कापतो असे धरले, तर तेवढ्या अवधीत तो नळीच्या रेषेपासून सुमारे ७० सेंटिमीटर खाली येतो. वेगात केवळ तीन मीटरांचा फरक पडला की ही घसरण दीड सेंटिमीटरने बदलते, आणि स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ हुकायला तेवढे पुरे असते. दहा मीटरांवर हाच फरक डोळ्यालाही दिसला नसता.

दाब सारखा झाल्यावर दोषाचे बोट छऱ्याकडे वळले. कंबरेत बारीक आणि मागे पोकळ असा डायाबोलो छर्रा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. त्याचे वजन डोक्याकडे असते आणि शेपटीवर हवेचा ओढा असतो, त्यामुळे तो तोंड पुढे ठेवूनच उडतो. या रचनेत स्थैर्य आहे, पण तिची किंमत वेगात मोजावी लागते. ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे ३४० मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास, तो डळमळतो, म्हणून जाणकार २६० ते २९० यांच्या दरम्यान राहतात. आणि दूर जाताना त्याचा पुढचा वेग झपाट्याने घटतो, फिरकी मात्र त्या मानाने टिकून राहते, त्यामुळे जवळ उत्तम बसणारा छर्रा लांबवर मळसूत्री गिरक्या घेऊ लागतो. पन्नास यार्डांवरचा सुंदर ग्रुप शंभराची हमी देत नाही, याचे कारण येथे आहे. चेक प्रजासत्ताकातील बोहुमीन येथील जेएसबी कंपनीच्या छऱ्यांनी या क्षेत्रात जे स्थान मिळवले ते घडणीतील एकसारखेपणावर. तरीही गंभीर नेमबाज डबा उघडल्यावर प्रत्येक छर्रा वजन करून निवडतो, शेपटीचा घेर दबलेले बाजूला काढतो, आणि आपल्या नळीला मानवलेला घाण्याचा क्रमांक सापडला की त्याच घाण्याचे डबे साठवून ठेवतो. हे सोवळे बाहेरच्याला अतिरेकी वाटले तरी गुणपत्रकावर ते दिसते.

नळीची निवडही याच कारणाने बदलली. तोंडाशी किंचित अरुंद केलेली, म्हणजे ‘चोक’ असलेली नळी सर्व छर्रे शेवटी एकाच मापात आणते. स्वीडनच्या एफएक्स कंपनीने बहुतेक लांबी गुळगुळीत ठेवून केवळ तोंडाजवळ छऱ्याला फिरकी देणारे पेच पाडण्याचा प्रयोग केला आणि पुढे बाहेरून दाबून पेच उठवलेली, बदलता येणारी पातळ आतली नळी आणली, तेव्हा छऱ्यानुसार फिरकीचा वेग निवडणे शक्य झाले.

स्पर्धांचे नियम मात्र एका दिशेने गेले नाहीत. जागतिक रिमफायर व एअर रायफल बेंचरेस्ट महासंघाच्या एअर रायफल स्पर्धा २५ मीटरांवर होतात, हलक्या वर्गाला १२ आणि भारी वर्गाला २० फूट-पाउंडांची मर्यादा असते, आणि पंचवीस वर्तुळांत एकेक छर्रा घालून २५० पैकी गुण मिळवायचे असतात. अमेरिकेत ऊर्जेवर तसे बंधन नसल्याने ॲरिझोनातील एक्स्ट्रीम बेंचरेस्टसारख्या स्पर्धांनी पल्ला १०० यार्डांवर नेला, आणि रायफली ०.२२ वरून ०.२५, ०.३० इंच अशा मोठ्या व्यासांकडे सरकल्या. ०.३० चा ४४.७५ ग्रेनचा, म्हणजे सुमारे २.९ ग्रॅमचा छर्रा वर धरलेल्या वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा ११० ज्यूलच्या घरात जाते, ब्रिटिश मर्यादेच्या जवळजवळ सातपट. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनी २० ज्यूल आणि ०.१७७ इंच या मर्यादांपलीकडच्या हवाई शस्त्राला परवाना लागत असल्याने हा प्रकार येथे रुजणे कठीणच आहे. मराठी वाचकाला परिचित असलेली एअर रायफल, जिच्यावर अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, ती दहा मीटरांची आणि बंदिस्त दालनातली. तिच्यात वारा हा घटकच नाही.

शंभर यार्डांवर तोच मुख्य घटक आहे. जुन्या प्रक्षेपणशास्त्रातील नियमानुसार आडव्या वाऱ्याने होणारा विचलनाचा आकडा हा वाऱ्याचा वेग आणि निर्वात जागेत लागला असता त्याहून अधिक लागलेला वेळ यांचा गुणाकार असतो. वरच्या उदाहरणात हा जादा वेळ सुमारे ०.०४७ सेकंद येतो, तेव्हा सेकंदाला दोन मीटर वाहणारी, झाडाची पाने जेमतेम हलवणारी झुळूकही छर्रा नऊ सेंटिमीटरांहून अधिक ढकलते. म्हणून टेबलापासून निशाण्यापर्यंत वारा दाखवणाऱ्या पताका रोवलेल्या असतात, आणि जिंकणारा नेमबाज बहुधा रायफलीपेक्षा त्यांच्याकडे अधिक पाहतो. हा जादा वेळच कमी करण्यासाठी अलीकडे भरीव, गोळीसारख्या आकाराचे ‘स्लग’ आले. त्यांना घट्ट पेचांची नळी आणि बरेचदा चढा दाब लागतो, चुकीच्या नळीत ते छऱ्यांहूनही वाईट वागतात, पण जुळले तर वाऱ्याचा बराच मार चुकवतात. काही आयोजकांनी त्यांचा वर्ग वेगळा ठेवला आहे, आणि ते रास्तच म्हटले पाहिजे. कारण दोघांना एका पत्रकावर बसवले तर छऱ्यांच्या नेमबाजाने कमावलेले वाऱ्याचे ज्ञान केवळ दुसऱ्याची खरेदी भरून काढण्यात खर्ची पडले असते.