ऊन, सावली आणि अख्खं निळं झालेलं पान

आजची गोष्ट नागपुरातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत सुरू होते आणि अडीचशे वर्षं मागे जाते.

प्रॅक्टिकल तुम्हीही केलं असेल. जास्वंदीच्या पानावर काळ्या कागदाची पट्टी लावायची, कुंडी उन्हात ठेवायची. मग पान पाण्यात उकळायचं, नंतर स्पिरिटमध्ये. हिरवा रंग उतरला की आयोडीनचे थेंब टाकायचे. उघडा भाग निळा-काळा, पट्टीखालचा तसाच पिवळट. हे पुस्तकात. आमचं पान? अख्खं निळं! पट्टीखालचंसुद्धा. सर म्हणाले, "जर्नलमध्ये पुस्तकातलं निरीक्षण लिहा." आम्ही लिहिलं, मार्कही मिळाले.

चूक साधी होती. कुंडी आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवायची असते, म्हणजे पानात साठलेला स्टार्च संपतो. आम्ही ती थेट अंगणातून उचलून आणली होती. आमचं निळं पान खरंच बोलत होतं, ऐकणारं कोणी नव्हतं.

आता जोसेफ प्रिस्टलीकडे या. १७ ऑगस्ट १७७१ ला त्याने, मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली! वनस्पती हवा सुधारते, हे दिसलं. पण १७७८ मध्ये प्रयोग पुन्हा केले तर कधी हवा सुधारली, कधी उलट बिघडली. गंमत म्हणजे त्याने ते बिघडलेले निकालही छापले. आमच्यासारखं नाही केलं, बरं का.

हा गुंता सोडवला यान इंगेनहाऊझने. हा मूळचा डच डॉक्टर. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला देवीच्या रोगाविरुद्ध टोचणारा तोच. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ घर घेऊन त्याने तीनेक महिन्यांत पाचशेच्या वर प्रयोग केले. पानं पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. उन्हात बुडबुडे भरपूर, अंधारात बंद. पानं, हिरवे देठ हवा सुधारतात. मुळं, फुलं, फळं नाही. आणि रात्री तर झाडाचे सगळेच भाग हवा थोडी बिघडवतात. प्रिस्टलीचे निकाल का डळमळत होते, याचं उत्तर इथे होतं. भांड्यावर उजेड किती पडतो, याचा हिशोबच कोणी ठेवला नव्हता.

पण खरा पेच पुढे आहे, आणि तो मला फार आवडतो. आपल्या मराठीत 'ऊन' म्हणजे उजेडही आणि तापही. मग झाडाला काय लागतं, प्रकाश की उष्णता? मे महिन्यात आपल्याकडे पंखा लावलेल्या अंधाऱ्या खोलीतही अंग भाजतं. नुसत्या गरमीने काम भागलं असतं, तर तिथलं रोपटं मजेत असायला हवं! इंगेनहाऊझने हेच तपासलं. अंधारात विस्तवाजवळची ऊब दिली, तरी उन्हातलं काम झालं नाही. काम उजेडाचं. आणि फार ताप झाला तर पान उलट मंदावतं, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

श्रेयावरून पुढे प्रिस्टली आणि त्याच्यात कुरबुर झाली, ती मोठी कहाणी. तिच्यात आज शिरत नाही.

आपल्या प्रॅक्टिकलचं आयोडीन आलं १८६० च्या दशकात, जर्मनीच्या युलियस झाक्सकडून. त्याने पानाचा काही भाग झाकून स्टार्च शोधला. १९१४ मध्ये हान्स मोलिशने त्याच्यापुढे कडी केली: पानावर फोटोची निगेटिव्ह ठेवली, ऊन दिलं आणि आयोडीनने पानातच फोटो उमटवला! हाच मोलिश १९२८ मध्ये भारतात आला आणि कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांच्या संस्थेत काम केलं. बोस स्वतः हायड्रिलाच्या बुडबुड्यांवरून प्रकाशसंश्लेषण मोजत, १९२४ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं.

परवा मी बाल्कनीत प्रयोग पुन्हा केला. कुंडी दोन दिवस कपाटात, मग काळ्या कागदात 'न' कापून पानावर, सकाळचं ऊन. स्पिरिट थेट आचेवर तापवू नका हं, ते पटकन पेट घेतं. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून तापवा. आयोडीन टाकलं. 'न' निळा झाला, बाजूचं पान पिवळट. थोडा पुसट आहे, पण वाचता येतो.