राख आणि पश्चात्ताप

ईस्टरपूर्वींचे ४० दिवस ख्रिस्ती समाज उपवासकाळ म्हणून पाळतो. पाश्चात्य परंपरेंत त्याचा आरंभ राखेच्या बुधवारीं होतो. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत मोजल्यास ४६ दिवस भरतात. परंतु रविवार हा आनंदाचा वार असल्यामुळें सहा रविवार हिशेबांतून गळतात. ख्रिस्तानें अरण्यांत केलेल्या उपवासाची ही आठवण होय. अन्नत्याग हा या व्रताचा देह, तर आत्मपरीक्षण व पश्चात्ताप हा त्याचा प्राण. मात्र पश्चात्ताप लोकांसमोर प्रकट व्हावा कीं एकांतांत राहावा, हा प्रश्न धर्मसंस्थेपुढें शतकानुशतकें उभा होता.

पहिल्या कांहीं शतकांतील उत्तर कठोर होतें. मनुष्यवध, व्यभिचार किंवा मूर्तिपूजा यांसारखें पातक ज्याच्या हातून घडे, त्याला प्रभुभोजनास मुकून प्रायश्चित्तार्थींच्या वर्गांत सर्वांदेखत उभें राहावें लागे. रोम येथें अशांना ईस्टरपूर्वींच्या गुरुवारीं पुन्हां मंडळींत घेत. राजालाहि यांतून सूट नव्हती. ३९० सालीं थेस्सलनीका शहरांत एका सेनाधिकाऱ्याचा खून झाला आणि त्याचा सूड म्हणून थिओडोशियस बादशहाच्या हुकमानें नागरिकांची कत्तल झाली. तेव्हां मिलानचा बिशप आंब्रोज यानें बादशहाला पत्रानें कळविलें कीं, प्रायश्चित्तावांचून त्याच्यासमक्ष प्रभुभोजनाचा विधि होणार नाहीं. बादशहानें राजचिन्हें उतरवून ठेविलीं आणि चर्चमध्यें उघडपणें अश्रु ढाळले.

परंतु या कठोरपणांतच एक दोष होता. अशा प्रायश्चित्ताची संधि आयुष्यांत एकदांच मिळे. म्हणून पुष्कळ लोक तें मृत्युशय्येपर्यंत लांबणीवर टाकीत. सहाव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनीं निराळा मार्ग काढला. पाप गुरूजवळ एकांतांत सांगावें, आणि पुन्हां घडल्यास पुन्हां सांगावें. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी व पाणी, याच्या पोथ्याच तयार झाल्या. ५८९ सालच्या टोलेडोच्या परिषदेनें वारंवार प्रायश्चित्त देण्याचा निषेध केला. तरी ही पद्धति युरोपभर पसरली. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनें वर्षांतून एकदां तरी पापनिवेदन करणें सर्वांना बंधनकारक केलें, आणि तें गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूस पदच्युत करून मठांत आजन्म प्रायश्चित्त भोगावयास लावावें असें ठरविलें.

अशा रीतीनें कबुली पडद्याआड गेली. राख मात्र नेमकी उलट दिशेनें चालली. पूर्वीं ती उघड पातक्यांची खूण होती. १०९१ सालीं बेनेव्हेंतोच्या परिषदेनें धर्मगुरु व सामान्य जन, स्त्रिया व पुरुष, या सर्वांनीं ती मस्तकीं घ्यावी असें फर्माविलें. एकाकडे बोट दाखविण्याचें चिन्ह सर्वांचें झालें. निर्दोष असा कोणी उरला नाहीं.

पुढें नियमाचेंच ओझें झालें. १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें आपल्या ९५ प्रमेयांच्या आरंभींच पश्चात्ताप ही सबंध आयुष्याची गोष्ट आहे असें प्रतिपादन केलें. १५२२ सालीं झूरिक येथें फ्रोशाउएर या मुद्रकाच्या घरीं ऐन उपवासकाळांत मांसाहार झाला, तेव्हां झ्विंग्लीनें उपवास ऐच्छिक असावा असा उपदेश केला.

मतभेद कायम राहिले. राखेचा संस्कारहि टिकला. गतवर्षींच्या झावळ्यांच्या रविवारीं जयघोषांत मिरविलेल्या झावळ्या जाळून ती राख करण्याची चाल आहे. ज्या हातांनीं जयघोष केला, तेच हात पुढें चुकले, हें मनुष्यानें स्वतःशीं मान्य करावें एवढाच तिचा अर्थ. परिषदांना दिवस ठरवितां आले, दंड ठरवितां आला; ही मान्यता मात्र ज्याची त्यालाच द्यावी लागते.