संगणक सुरू होताना होणारी डिस्क-तपासणी: ती का आली आणि कशी थांबली?

१/ २५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ बाजारात आली. सहाच दिवसांनी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. मात्र कारंजा तालुक्यातील आमच्या धनजसारख्या गावांना पुढील दशकात संगणक आणि भारनियमन यांची ओळख जवळपास एकाच वेळी झाली. आजचा धागा त्या दोहोंच्या गाठीविषयी.

२/ २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यांपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. राज्यात विजेचा तुटवडा वाढत गेला. विदर्भात म्हणतात तशी 'लाईन गेली', की चालू संगणक जागीच बंद पडे. वीज परतल्यावर निळा पडदा दिसे: विंडोज नीट बंद केली गेली नाही, डिस्कमध्ये दोष असू शकतो, तपासणी सुरू आहे.

३/ ही तपासणी कशासाठी? फाईलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले असतात आणि त्यांचे पत्ते एका तक्त्यात नोंदलेले असतात. मजकूर लिहिला गेला, पण तक्ता अद्ययावत होण्यापूर्वीच वीज गेली, तर दोहोंचा ताळा जुळत नाही. असा फाटलेला हिशेब जुळवणे हेच तपासणीचे काम.

४/ ही कल्पना विंडोजहून जुनी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांनी युनिक्ससाठी 'एफएससीके' हा तपासनीस लिहिला. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये डॉस ६.२ सोबत स्कॅनडिस्क दिले. १९९६ च्या सुधारित विंडोज ९५ पासून, संगणक अवेळी बंद पडला असल्यास ते आपोआप चालू लागले.

५/ दिवसातून तीनदा वीज जाणाऱ्या गावात हे पथ्य जड होते. डिस्क जितकी मोठी, तितका विलंब अधिक; वीज आहे तेवढ्यात काम उरकायचे, तर तोच वेळ तपासणी खाई. म्हणून पळवाट निघाली. विंडोज ९८ मध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून एका खुणेने, किंवा 'एमएसडॉस.एसवायएस' फाईलमध्ये 'ऑटोस्कॅन=०' लिहून, तपासणी कायमची बंद करता येई.

६/ त्याची किंमत पुढे मोजावी लागे. न जुळलेला ताळा तसाच राही आणि त्यावर नवे लिखाण चढे. एकाच जागेवर दोन फाईली हक्क सांगू लागत आणि एकीचा मजकूर दुसरीत मिसळे. म्हणजे इशारा थांबे, बिघाड मात्र चालूच राही.

७/ खरा उपाय कोणत्याही जुन्या पेढीवरील मुनीम ओळखेल: आधी रोजकीर्द, मग खतावणी. डिस्कच्या रचनेत करावयाचा बदल प्रथम एका नोंदवहीत लिहायचा, नंतर प्रत्यक्षात आणायचा. मध्येच वीज गेली, तर संपूर्ण डिस्क न चाळता केवळ शेवटच्या नोंदी पाहायच्या. इंग्रजीतही त्या वहीला 'जर्नल', म्हणजे कीर्दच, म्हणतात.

८/ ही पद्धत १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये 'एनटीएफएस' रूपाने आली आणि २००१ च्या एक्सपीमुळे घरोघरी पोहोचली. त्याच वर्षी लिनक्सच्या मूळ गाभ्यात 'ईएक्सटी३' दाखल झाली. तरीही लिनक्समध्ये ठरावीक वेळा सुरू केल्यावर किंवा १८० दिवसांनी तपासणी होण्याची जुनी रीत टिकून होती. २०११ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या डिस्क-विभागांपुरती तीही मूळ मांडणीतून वगळली गेली.

९/ आजही विंडोजमध्ये 'सीएचकेएनटीएफएस /एक्स सी:' ही आज्ञा 'सी' विभागाला आपोआप होणाऱ्या तपासणीतून वगळते. पण प्रत्येक वेळी तपासणी होत असेल, तर आज्ञा देण्यापूर्वी कारण शोधावे. डिस्कवरील 'अस्वच्छ' ही खूण पुसली जात नसेल किंवा डिस्कच झिजत असेल. क्रम असा: आधी महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे काढणे, मग पूर्ण तपासणी, आणि सरतेशेवटी ती थांबवण्याचा विचार.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना यात आणखी एक धडा आहे. ही कीर्द सर्वसाधारणपणे डिस्कची रचना सांभाळते; आत लिहिलेला मजकूर खरा आहे की अर्धवट, हे ती सांगत नाही. आज गावोगावचे जुने कागद, वह्या, छायाचित्रे मोबाईलने टिपून एकाच डिस्कवर ठेवली जात आहेत. संगणक निमूटपणे सुरू झाला म्हणजे ते दप्तर शाबूत आहे, असे समजू नये. दुसरी प्रत ठेवा आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहा. तो ताळा आपणच जुळवायचा असतो.