संघाने राखलेले गुपित

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे पौरुषाची कसोटी. समलिंगी खेळाडूमुळे संघाची एकी भंगेल, असा तेथे दृढ समज असे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे माजी खेळाडू डेव्हिड कोपे यांनी १९७५ मध्ये, तेही खेळातून निवृत्त झाल्यावर, आपले सत्य प्रकट केले. मिसुरी विद्यापीठाच्या मायकेल सॅम यांनी मात्र ऑगस्ट २०१३ मध्ये, हंगामाआधीच सहकाऱ्यांना विश्वासात घेतले. संघाने ते गुपित हंगामभर राखले आणि १४ पैकी १२ सामने जिंकले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सॅम यांनी ते जगजाहीर केले. विरोधक निदर्शनास आले, तेव्हा शेकडो विद्यार्थी हातात हात गुंफून भिंतीसारखे उभे राहिले. पुढे व्यावसायिक संघाने सॅम यांना निवडून हंगामापूर्वीच वगळले. परंतु एकी भंगण्याचे भाकीत मिसुरीच्या मैदानावर खोटे ठरले होते.