तापमानाच्या नोंदी जुन्या, आज्ञावली नवी : वैज्ञानिक सॉफ्टवेअरचे आधुनिकीकरण का व कसे?

पृथ्वीचे सरासरी तापमान किती वाढले, या प्रश्नाचे उत्तर कोणताही तापमापक थेट देत नाही. जगभरातील हजारो केंद्रांवरील नोंदी एकत्र करणे, त्यांतील विसंगती शोधणे आणि सरासरी काढणे हे काम संगणकीय आज्ञावली करते. अशा अनेक आज्ञावली काही दशकांपूर्वी लिहिल्या गेल्या. त्या आजच्या संगणकांसाठी नव्याने लिहिणे हे पर्यावरण-निरीक्षणातील नाजूक काम मानले जाते, कारण गणिताच्या मांडणीत अनवधानाने बदल झाला, तर दीर्घकालीन नोंदींचे सातत्यच धोक्यात येते.

गिस्टेम्पचे उदाहरण

अमेरिकेच्या ‘नासा’ची गॉडार्ड इन्स्टिट्यूट फॉर स्पेस स्टडीज ही संस्था ‘गिस्टेम्प’ नावाची जागतिक तापमानमालिका प्रसिद्ध करते. जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात तिची पद्धत शोधनिबंधांतून मांडली. मालिकेतील आकडे १८८० पासूनचे आहेत. प्रत्येक ठिकाणचे तापमान १९५१ ते १९८० या काळातील तेथील सरासरीपेक्षा किती कमी-अधिक आहे, हे त्यात मोजले जाते. एखाद्या केंद्राच्या नोंदीचा प्रभाव १,२०० किलोमीटरपर्यंत धरला जातो आणि अंतर वाढेल तसे त्याचे वजन कमी होते. शहरीकरणामुळे वाढलेल्या उष्णतेचा परिणाम वजा करण्याचीही तरतूद आहे.

या पद्धतीचे संगणकीय रूप मुख्यतः फोर्ट्रान भाषेत होते. आयबीएमने १९५७ मध्ये उपलब्ध केलेली ही भाषा आकडेमोडीसाठी आजही वेगवान मानली जाते. त्यामुळे अडचण भाषेच्या वयाची नव्हती. वर्षानुवर्षे गरजेनुसार जोडलेले तुकडे, वेगवेगळ्या भाषांचे मिश्रण आणि अपुरी टिपणे यांमुळे बाहेरच्या व्यक्तीला ती आज्ञावली वाचणे कठीण झाले होते.

२००७ मधील दुरुस्ती

ऑगस्ट २००७ मध्ये कॅनडातील स्टीफन मॅकिन्टायर यांनी या मालिकेतील अमेरिकेच्या आकड्यांतील एक दोष निदर्शनास आणला. २००० च्या सुमारास दोन वेगळ्या स्रोतांतील नोंदी जोडताना त्यांतील फरक समायोजित झाला नव्हता. दुरुस्तीनंतर अमेरिकेचे त्यापुढील वर्षांचे सरासरी तापमान सुमारे ०.१५ अंश सेल्सिअसने खाली आले. जागतिक सरासरीवरील परिणाम नगण्य होता. हा दोष नोंदींच्या जोडणीतील होता. मात्र हिशेब कसा होतो हे सर्वांना तपासता यावे, ही मागणी त्यामुळे बळावली. सप्टेंबर २००७ मध्ये संस्थेने संपूर्ण सोर्स कोड खुला केला.

त्यानंतर ब्रिटनमधील निक बार्न्स आणि डेव्हिड जोन्स या संगणकतज्ज्ञांनी ‘क्लिअर क्लायमेट कोड’ हा प्रकल्प हाती घेतला. संपूर्ण आज्ञावली वाचनसुलभ अशा पायथन भाषेत नव्याने लिहिणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. काम टप्प्याटप्प्याने झाले आणि नव्या आज्ञावलीचे निष्कर्ष मूळ निष्कर्षांशी ताडून पाहिले गेले. या प्रक्रियेत काही किरकोळ चुका आढळल्या. त्या गॉडार्ड संस्थेला कळविण्यात आल्या व दुरुस्तही झाल्या. तापमानवाढीचा निष्कर्ष मात्र कायम राहिला. पुढे संस्थेने आपल्या अधिकृत विश्लेषणासाठी याच पायथन आवृत्तीवर आधारित आज्ञावली स्वीकारली.

आधुनिकीकरणाची सूत्रे

या अनुभवातून काही सूत्रे स्पष्ट होतात. जुन्या आज्ञावलीचे निष्कर्ष आधी जतन करावे लागतात, कारण नवीची कसोटी त्यांवरच लागते. भाषांतर आणि पद्धतीतील सुधारणा एकाच वेळी करू नये. तसे केल्यास आकड्यांतील फरक कशामुळे पडला, हे सांगता येत नाही. दशांश चिन्हानंतरचे आकडे कोठे पूर्णांकित होतात यावरही सूक्ष्म फरक अवलंबून असतो. म्हणून किती फरक ग्राह्य, हे आधीच ठरवावे लागते. प्रत्येक बदलाची कारणासह नोंद आणि जुन्या आवृत्तीचे जतन हेही तितकेच आवश्यक ठरते.

भारताचा संबंध

जागतिक तापमानमालिकांत भारतातील केंद्रांच्या नोंदीही वापरल्या जातात. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाकडे दीर्घकालीन निरीक्षणांचा मोठा ठेवा आहे. विभागाच्या पुणे येथील कार्यालयाने देशातील पावसाची १९०१ पासूनची चौकटनिहाय आकडेवारी तयार केली आहे. हवामान अंदाजाच्या क्षेत्रातही असेच स्थित्यंतर सुरू आहे. नोएडा येथील राष्ट्रीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रात ब्रिटनच्या हवामान विभागाच्या ‘युनिफाइड मॉडेल’वर आधारित प्रारूप वापरले जाते. त्या विभागाने या प्रारूपाची जागा घेण्यासाठी ‘एलएफआरआयसी’ ही नवी प्रणाली विकसित केली आहे. त्यात वैज्ञानिक समीकरणे आणि समांतर संगणनाच्या सूचना वेगळ्या ठेवल्या जातात. त्यामुळे संगणकाचा प्रकार बदलला, तरी समीकरणे पुन्हा लिहावी लागू नयेत, असा हेतू आहे.

पीकविमा, धरणांतील पाण्याचे नियोजन आणि उष्णतेच्या लाटांचे इशारे अशा निर्णयांमागे हवामानाचे आकडे असतात. ते आकडे कोणत्या पायऱ्यांनी तयार झाले, हे दुसऱ्या कोणालाही तपासता येणे, हीच अशा आधुनिकीकरणाची खरी कसोटी आहे.