कोणती शाखा कुठल्या मजल्यावर?

सरकारी इमारतीत शाखांना जागा मिळते ती बहुधा अधिकाऱ्याच्या दर्जावर आणि जुन्या कब्जावर. शास्त्र वेगळे विचारते: कोणत्या दोन शाखांमध्ये रोज किती ये-जा होते आणि त्यांच्यात अंतर किती? दोन्हींचा गुणाकार करायचा, सगळ्या जोड्यांची बेरीज घ्यायची आणि ती कमीत कमी ठेवायची. कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ साली कारखान्यांच्या जागांसाठी हे गणित मांडले. दिसायला सोपे, सोडवायला बिकट. दहा शाखा दहा दालनांत ३६,२८,८०० प्रकारे बसतात. पंधरांसाठी हा आकडा १.३ लाख कोटींवर जातो. म्हणून व्यवहारात दोन शाखांची अदलाबदल करून पाहतात. बेरीज घटली तर नवी मांडणी ठेवतात.

पण ये-जा मोजायची कोणाची? खरा घोळ इथेच आहे. अलिबागचे जिल्हाधिकारी कार्यालय घ्या. फायली संगणकावरून फिरल्या की शिपायाच्या फेऱ्या घटतात. पोलादपूरहून एसटीने आलेल्या माणसाच्या घटत नाहीत. भूसंपादन शाखेत त्याच्याकडे जुन्या कागदाची नक्कल मागितली की तो अभिलेख कक्ष शोधत निघतो. समजा, अशा रोज ६० फेऱ्या आणि अंतर ५० मीटर, म्हणजे ३,००० मीटर. अंतर १० मीटरवर आणले तर ६००. त्यापायी लेखा शाखेच्या पाच फेऱ्या १० ऐवजी ५० मीटरच्या झाल्या, तर वाढ फक्त २०० मीटरची. माझ्या मते नागरिकाच्या पावलाला कर्मचाऱ्याच्या पावलापेक्षा जास्त भार द्यावा. त्याची फेरी वाया गेली तर अख्खा दिवस बुडतो.

 

अभिलेख कक्षाची अडचण निराळी. नागरिकांसाठी तो तळमजल्यावर हवा, पण जुलै २०२१ चा महाडचा पूर आठवला की दप्तर खाली ठेवायला मन धजत नाही. गच्चीखालच्या मजल्यावर कोकणातली गळती. शाखा अखंडच ठेवायची हा हट्ट सोडला तर वाट निघते: नक्कल देणारी खिडकी खाली, भूसंपादनाशेजारी; दप्तर पहिल्या मजल्यावर, आणि रोज ठरलेल्या वेळी एकच फेरी. नुसत्या अदलाबदलीने जे साधत नाही, ते अशा विभागणीने साधते.

आपत्ती नियंत्रण कक्षाची गरज ऋतूनुसार फुगते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारख्या दिवशी लागेल तेवढी जागा वर्षभर अडवणे परवडत नाही. म्हणून त्याला प्रशिक्षणाच्या सभागृहालगतचे दालन द्यावे आणि जून ते सप्टेंबर त्या सभागृहात प्रशिक्षण ठेवू नये.