सत्तावन्न दिवसांची ठेव

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात दोनच प्रकारच्या गोष्टी दिसतात. एक मुदत असलेल्या आणि दुसऱ्या मुदत नसलेल्या. ठेवीला मुदत असते, कर्जाला असते, मॅनेजरच्या बदलीलासुद्धा असते. फक्त पाहुण्यांच्या मुक्कामाला ती अजून कुणी लावून दाखवलेली नाही. त्यामुळे परदेशी बियाण्यांच्या कॅटलॉगात टोमॅटोच्या प्रत्येक जातीपुढे दिवसांचा आकडा छापतात हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मोठ्या टोमॅटोपुढे ७५, ८०, ८५ असे आकडे. आणि ‘सनगोल्ड’ नावाच्या नारिंगी चेरी टोमॅटोपुढे चक्क ५७! अर्थात हे दिवस बी पेरल्यापासून नव्हेत, रोप वाफ्यात लावल्यापासून. खरी अट बारीक अक्षरात असते, हा नियम फळझाडांनाही लागू आहे.

आता तुम्ही म्हणाल, टोमॅटोला एवढी घाई कशाला? आपल्याकडे ऊन फुकट आणि वर्षभर. इथे टंबाटं (विदर्भात भेदरं म्हणा) आपल्या सवडीने पिकतं. पण जिथे मे महिन्यापर्यंत पहाटे दव गोठतं आणि सप्टेंबरात पुन्हा गोठायला लागतं, तिथे हिरवा टोमॅटो म्हणजे मुदत पुरी होण्याआधी बुडालेली ठेव. ह्या चार महिन्यांच्या फटीतून टोमॅटो बाहेर कसा काढायचा, ह्या एका चिंतेतून एक अख्खा इतिहास घडला आहे. तो शाळेत शिकवत नाहीत, कारण त्यात लढाई नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो. आपल्याला वाटतं, टोमॅटो मुळात मोठा आणि चेरी टोमॅटो ही त्याची नंतर काढलेली खिशात मावणारी आवृत्ती. प्रकार नेमका उलटा आहे. पेरू आणि इक्वेडोर ह्या देशांत टोमॅटोचा जो रानटी पूर्वज सापडतो, त्याचं फळ जेमतेम वाटाण्याएवढं असतं. माणसाने त्याला पिढ्यान्‌पिढ्या निवडून, गोंजारून मोठं केलं. मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतला ‘तोमात्ल’ हा शब्द आपल्या ताटापर्यंत पोचला. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी त्यांची राजधानी घेतली, आणि सोन्याच्या शोधात गेलेली ही मंडळी जी काही चीजवस्तू घेऊन परतली तीत टोमॅटोही होता. सोनं केव्हाच खर्ची पडलं. टोमॅटो मात्र टिकला.

युरोपात त्याचं स्वागत कसं झालं? नव्या जावयाचं एखाद्या खवट आत्याबाईंकडे होतं तसं. इटलीच्या मात्तिओलीने १५४४ मध्ये त्याची नोंद केली. त्या काळात सोनेरी रंगाच्या फळामुळे तिथे त्याला ‘सोन्याचं सफरचंद’ हे नाव पडलं. वांगं, बटाटा, मिरची ह्यांचं हे कुळ. पण त्याच कुळात बेलाडोनासारखी जहरी मंडळीही असल्यामुळे संशय होताच. इंग्लंडच्या जॉन जेरार्डने १५९७ साली आपल्या ग्रंथात ह्या झाडाच्या घाण वासाबद्दल तक्रार केली. गंमत म्हणजे आपल्या बागेत तो टोमॅटो लावत होताच. १६२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या कास्पार बाऊहिनने झुपक्यांनी लागणाऱ्या, चेरीच्या आकाराच्या फळाची नोंद केली. म्हणजे आपला चेरी टोमॅटो तेव्हापासून दप्तरी दाखल आहे. लिनियसने १७५३ मध्ये त्याच्या नावात ‘लांडग्याचं पीच’ असा अर्थाचा शब्द ठेवला, आणि १७६८ मध्ये फिलिप मिलरने त्याच्यापुढे ‘खाण्याजोगा’ हे विशेषण जोडलं. मात्तिओलीच्या नोंदीपासून ह्या शेऱ्यापर्यंत २२४ वर्षं! आमच्याकडे कर्जाची प्रकरणं रेंगाळतात म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

खाण्याजोगा ठरला तरी थंडीचं काय? उत्तर होतं काचघर. पण इंग्लंडात १७४६ पासून काचेवर अबकारी कर होता. तो वजनावर आकारत, त्यामुळे काचेखाली झाड वाढवणं हा उमरावांचाच षोक होता. १८४५ मध्ये पील साहेबांच्या सरकारने हा कर रद्द केला, काच स्वस्त होत गेली, आणि साध्या माणसाच्या परसातही काचेची खोपटी उभी राहू लागली. कॉमर्सच्या पदवीधराला इतिहासात असा प्रसंग क्वचितच लाभतो. एक कर उठला आणि टोमॅटो पिकला, असं जवळजवळ म्हणता येईल.

कराने टोमॅटोचा पिच्छा अमेरिकेतही सोडला नाही. तिथे १८८३ च्या कायद्याने आयात भाजीवर दहा टक्के जकात होती आणि ताज्या फळांवर नव्हती. न्यूयॉर्कचे व्यापारी कोर्टात गेले : टोमॅटो हे फळ आहे, आमचे पैसे परत करा! १८९३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते फळ असेल, पण लोक ते जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे, सबब भाजी. न्यायमूर्तींनी सनगोल्ड चाखला असता तर निकाल कदाचित फिरला असता. पण तो यायला अजून ९९ वर्षं होती.

दरम्यान घाईचं शास्त्र पुढे सरकत होतं. साधा टोमॅटो वाढतच राहतो. तीन पानं, एक फुलांचा घोस, पुन्हा तीन पानं, पुन्हा घोस, असा वरवर चढतो. १९१४ मध्ये फ्लोरिडात एक झाड असं आढळलं की जे ठरावीक उंचीवर शेंड्याला फूल आणून थांबलं. नोकरीत एका श्रेणीवर अडकलेल्या माणसाला ह्या झाडाबद्दल आपुलकी वाटणं साहजिक आहे. पण ह्या झाडाच्या थांबण्यात शहाणपण होतं. उंची गाठण्यात दिवस न घालवता ते सगळी फळं एकदम पिकवायला घेतं. नॉर्थ डकोटासारख्या कडाक्याच्या थंडीच्या मुलखात काम करणारे प्रा. यीगर ह्यांनी १९२७ मध्ये ह्या गुणाची अनुवंशिकता मांडली, आणि १९४५ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विद्यापीठातून त्यांचा ‘टायनी टिम’ बाहेर पडला. फूट-दीड फूट उंचीचं, खिडकीतल्या कुंडीत मावणारं आणि लवकर पिकणारं चेरी टोमॅटोचं झाड.

सनगोल्ड १९९२ मध्ये आला, जपानच्या टोकिता कंपनीकडून. हा थांबणाऱ्यांतला नव्हे. सहा-सात फूट सहज चढतो. त्याला काठीचा आधार द्यावा लागतो आणि पानांच्या बगलेतले फुटवे खुडावे लागतात. मग तो लवकर कसा पिकतो? कारण फळ लहान. फुलापासून पिकण्यापर्यंतचा प्रवासच छोटा. एकदा सुरुवात झाली की थंडी पडेपर्यंत हप्ते चालू. मात्र तो संकरित असल्यामुळे त्याच्या बियांतून सनगोल्ड उगवेलच असं नाही. दर वर्षी नवं पाकीट घ्या, म्हणजेच नूतनीकरण करा!

इथपर्यंत जमेची बाजू झाली. आता नावेची.

टोमॅटोच्या फुलात पराग मीठदाणीतल्या मिठासारखा असतो. हलवल्याशिवाय सांडत नाही. उघड्यावर हे काम वारा करतो. बंद काचघरात वारा कुठला? म्हणून तिथे माणसं थरथरणारी कांडी घेऊन घोसाघोसाला लावत फिरत. १९८५ मध्ये बेल्जियमच्या रोलां द योंग ह्या जनावरांच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं की हे काम बंबलबी, म्हणजे आपल्या भुंग्याची केसाळ युरोपीय चुलत बहीण, फारच झकास करते. फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. १९८७ मध्ये त्यांनी कंपनी काढली. राणीसकट पोळी खोक्यांत भरून देशोदेशी निघाली. ओव्हरटाइम नाही, युनियन नाही!

त्यातली काही खोकी १९९७-९८ च्या सुमारास चिलीत पोचली. जिथल्या डोंगरांत आजही टोमॅटोचे रानटी भाऊबंद उगवतात, त्याच मुलखात. पाहुण्या काचघरात राहिल्या नाहीत. त्या बाहेर पडल्या, अँडीज ओलांडून २००६ मध्ये अर्जेंटिनात उतरल्या. तिथली मूळची नारिंगी बंबलबी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. पाहुण्यांबरोबर आलेले रोग आणि फुलांवरची स्पर्धा ह्यांपुढे ती एकेका प्रदेशातून दिसेनाशी होत गेली आणि आज ती धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. ज्या खंडाने जगाला टोमॅटो उसना दिला, त्याची परतफेड आपण अशी केली. मुद्दल तर नाहीच, वर तारणही जप्त.

ह्या कथेत मला सनगोल्डबद्दल माया वाटते ती वेगळ्याच कारणाने. त्याची साल इतकी पातळ की पिकल्यावर पावसाची एक सर आली तरी तडकते. दूरच्या बाजाराला ट्रकने धाडावा तर वाटेत फुटायची भीती. व्यापाराच्या दृष्टीने हा मोठा दोष. पण त्यामुळेच तो जास्त करून राहिला परसबागेत आणि घरगुती काचघरात. पाच शतकांची खटपट, कर, कोर्ट आणि शास्त्र ह्या सगळ्यांतून फळ पुन्हा छोटं झालं, आणि त्याचा उत्तम प्रवास झाला झाडापासून तोंडापर्यंतचा हातभर अंतराचा.

आणि परागाचं म्हणाल, तर दुपारी दार उघडं टाकून आधाराच्या काठीला एक टिचकी मारली तरी घरच्या झाडांचं भागतं. त्यासाठी कुणाच्या डोंगरात खोकी पाठवावी लागत नाहीत. ५७ दिवसांत मिळून असा किती वेळ जातो, त्याचा हिशेब मी मांडला आहे. आमच्या कौंटरवर चहाला जातो, त्याहून कमीच भरला.